शिरीषाचा काढा आणि शकुबाईंचा पंप

सुवर्णाला घरात सगळे शहाणी म्हणायचे आणि तिला ते आवडायचं, खोटं कशाला सांगा. गंगापूर रोडच्या एका फार्मसी कॉलेजात ती लॅब असिस्टंट होती. शिरीषाच्या सालीच्या अर्काने ॲलर्जी शमते का, याचे प्रयोग तिथे चालले होते. शरीरातल्या काही पेशी परागकणांनी बिथरून फुटतात, मग शिंका सुटतात, दम लागतो. अर्क पाजलेल्या पेशी मात्र मायक्रोस्कोपखाली जशाच्या तशा राहिल्या. ते बघून सुवर्णा हरखून गेली.

घरी सासूबाई, शकुबाई, दम्याने बेजार. सगळा जन्म झेंडूच्या मळ्यात गेला आणि त्याच झेंडूने छाती धरायची. सुवर्णाने सालीचा काढा उकळून बाटलीत भरून दिला. म्हणाली, "आई, दम लागला की घ्या."

इथेच तिने माती खाल्ली. अर्क पेशी फुटायच्या आधी द्यावा लागतो, नंतर दिला तर काडीचा उपयोग नाही, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. शिवाय काचेच्या बशीतल्या पेशी म्हणजे माणसाची छाती नव्हे. सगळं ठाऊक असून कौतुकाच्या भरात सांगायचं राहिलं.

दसऱ्याच्या तोडणीत शकुबाईंना दम लागला. दम्याचा औषधी पंप कमरेच्या पिशवीतच होता. त्यांनी बाटली तोंडाला लावली आणि बरं वाटायची वाट बघत बांधावर बसून राहिल्या. मुलगा महेश त्यांना उचलून दवाखान्यात घेऊन गेला तेव्हा ओठ निळे पडले होते.

जीव वाचला. पंप का नाही ओढला, असं डॉक्टरांनी विचारलं, तर शकुबाई म्हणाल्या, "इसरले."

महेश आईवर तोंडसुख घेत राहिला. सुवर्णा मान खाली घालून उभी होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तोंड उघडेना. म्हातारी तिच्यापायी मुकाट बोलणी खात होती आणि ही शहाणी ती खाऊ देत होती.

शेवटी तिलाच ते सोसवेना. "आईंना बोलू नका," ती नवऱ्याला म्हणाली. "काढा मी दिला होता. दम लागल्यावर त्याचा उपयोग नसतो, आणि मला ते माहीत होतं."

सुवर्णाने सासूचे पाय धरले. "आई, पंप हाताशी होता ना? मग का नाही घेतला?"

शकुबाईंनी तोंडावरचा मास्क जरा सरकवला. "दुसऱ्या कुनी काढा दिला असता, तर पंपच ओढला असता गं. तू दिला व्हता. मंग पंपाला कशाला हात लावायचा?"