शिड्यांच्या बदल्यात मशीन

भारत सरकारने लढाईच्या काळात इराकला उधारीवर कामं करून दिली, असं वर्तमानपत्रात यायचं तेव्हा मला राग यायचा. आजही येतो. सरकारने दिली हे खरंच आहे. पण सरकारच्याही आधी उधारी दिली ती बोईसरच्या माझ्यासारख्या गाळेवाल्यांनी, आणि आमच्याशी करार करायला कुणी मंत्री आला नव्हता.

मी मूळचा एडवणचा. दुसऱ्याच्या गाळ्यात शिव्या खात वेल्डिंग शिकलो आणि मग बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःचा गाळा घेतला. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या एका मोठ्या कंपनीला इराकमध्ये पाणी शुद्ध करण्याचं केंद्र बांधायचं काम मिळालं. त्यातल्या टाक्यांच्या लोखंडी शिड्या माझ्याकडे बनायच्या. तपासणीला आलेला इराकी इंजिनिअर शिडी दोन टोकांना आधार देऊन आडवी ठेवायचा आणि तिच्या एकेका पायरीवर स्वतः उडी मारायचा. माझी एकही शिडी त्याने परत केली नाही.

मग इराणशी चाललेली त्यांची लढाई लांबली आणि इराककडची रोकड आटली. दोन्ही सरकारांनी बसून ठरवलं, की कामं थांबवायची नाहीत. पैसे इराकने पुढे सवडीने द्यायचे, काही तेलाच्या रूपाने द्यायचे. कंपनीने आम्हाला निरोप धाडला, की तिकडून येतील तेव्हा तुम्हाला मिळतील. माझे सगळे पैसे त्या शिड्यांत अडकलेले. आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर गाळ्याला कुलूप लागलं असतं. वेल्डर गोरखपूरचा होता. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून म्हणाला, "सेठ, लड़ाई उधर और दाल पतली इधर?" सगळे हसले. मी हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या तारापूर रस्त्यावरच्या यार्डात जायला निघालो, तेव्हा बायको दारात उभी राहिली. माझं डोकं तिला ठाऊक होतं. म्हणाली, "भांडायला नाय चाललात, मागायला चाललात. टेबल नका आपटू, टेबल त्यांचं हाय."

खरेदी विभागाचे साहेब पंख्याखाली बसले होते. त्यांनी चहा मागवला आणि मला भूगोल शिकवायला लागले. "बसऱ्याचं बंदर बंद आहे. माल कुवेतला उतरतो, तिथून ट्रकने जातो. देशाच्या शब्दाचा प्रश्न आहे हो, जरा थांबा."

"थांबतो साहेब, देशासाठी थांबतो. तुमचा या महिन्याचा पगार झाला?"

"तो वेगळा विषय आहे."

"म्हणजे देश माझ्या एकट्याचाच दिसतोय!" मी म्हणालो, आणि टेबलावर हात आपटलाच. चहा बशीत सांडला.

साहेबही चिडले. "दोन सरकारांचा करार आहे. त्यात तुम्ही कुठे बसता?"

राग गिळायला मी खिडकीबाहेर पाहिलं. यार्डात ताडपत्रीखाली पत्रे कापायचं एक मोठं मशीन पडून होतं. पुढच्या टप्प्याच्या कामासाठी घेतलेलं, पण तो टप्पा लढाईमुळे बारगळला होता. बोईसरमध्ये जाड पत्रा कापायची सोय तेव्हा फार थोड्यांकडे होती. मीसुद्धा पत्रे टेम्पोत घालून पार वसईला पाठवायचो.

"साहेब, त्यांच्याकडे रोकड नाही, म्हणून ते तेल देतात आणि आपलं सरकार ते घेतं. तुमच्याकडे रोकड नाही, तर मला ते मशीन द्या."

"तुम्ही शिड्या करता की भंगार गोळा करता?"

"तुम्ही म्हणाल ते. पण शेवटच्या शिड्या अजून माझ्या गाळ्यात आहेत, आणि बोट तुमची लागलीय."

मशीनची किंमत माझ्या थकलेल्या पैशांपेक्षा जास्त आहे, असं ते म्हणाले. मी त्यांना बाहेर नेऊन गंज दाखवला. उन्हात उभं राहून बरीच घासाघीस झाली. शेवटी वरच्या फरकापोटी कंपनीचे पत्रे कापून द्यायचे असं ठरलं आणि त्यांनी सही केली. करताना पुटपुटले, "भंगारवालाच." मी ऐकलं.

मशीन घेऊन आलेल्या ट्रकमधूनच शिड्या न्यायच्या होत्या. मशीन क्रेनने उतरताच कंपनीचा मुकादम घाई करायला लागला. मी शिड्यांसमोर उभा राहिलो. "आधी कापू दे." वायरमनने जोडणी केली, आम्ही पत्रा सरकवला, पातं खाली आलं. काठ सरळ आला, कुठे दातेरी नाही. मग आम्हीच शिड्या ट्रकमध्ये चढवल्या आणि हलणार नाहीत अशा आवळून बांधल्या. माल वेळेत बोटीवर गेला.

ट्रक वळतोय तोच शेजारचा गाळेवाला आत डोकावला. "शेट, माझे पण कापून द्याल काय?"

"देतो. पण रोख."

त्या शनिवारी कामगारांचा आठवड्याचा पगार झाला, आणि पुढे एकही शनिवार चुकला नाही. तेल यायचं तेव्हा आलं असेल. माझा गाळा त्यासाठी थांबला नाही.

लढाईच्या काळातही शब्द पाळला म्हणून कंपनीला पुढे निर्यातीचं पारितोषिक मिळालं. मुंबईत मोठा समारंभ झाला, फोटो छापून आले. आम्हा गाळेवाल्यांपैकी कुणालाही बोलावणं नव्हतं. तेव्हा माझ्याकडे रात्रपाळीसुद्धा सुरू झाली होती, जायला सवड मिळाली नसती हे खरं. पण बोलवायला त्यांचं काय जात होतं?