ठेकेदाराची मान आणि मामाचं गंगाळ

मी आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीची अध्यक्ष आहे, आणि गेल्या वर्षी गावात एकच तंटा झाला. तो माझा होता.

एरवी भांडण मिटवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही. शेताच्या धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं असो, नळाच्या रांगेतलं असो, की शेजारणीच्या कोंबडीनं कोणाच्या सांडग्यांतून फेरी मारल्याचं असो, मी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवते आणि चहा पाजते. (साखर मुद्दाम जास्त घालते. तोंड चिकट झालं की शिव्या नीट निघत नाहीत.) पण सख्ख्या भावाशी माझं जे जुंपलं, त्यात ना धुरा होता, ना नळ, ना कोंबडी. होता तो एका गुन्हेगारी मालिकेचा शेवटचा सीझन.

मालिकेचं नाव सांगत नाही. ते ऐकलं की आमचे हे अजूनही चपला घालून बाहेर निघून जातात.

गोष्ट रेतीच्या एका ठेकेदाराची. त्याचा उजवा हात बन्सी. ठेकेदार बोलत नाही, नुसती मान हलवतो. बन्सी जाऊन माणूस उडवून येतो. शेवटच्या भागात दुश्मनांच्या जीपा वाड्याबाहेर उभ्या राहतात. ठेकेदार खुर्चीत बसलेला. बन्सी दाराशी जातो, मागे वळून बघतो आणि दाराचा अडसर काढतो. दुश्मन आत येतात, ठेकेदार संपतो. झालं. आता बन्सीनं घात केला, की अडसर काढण्याआधी ठेकेदाराचीच मान हलली होती?

माझ्या मते यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. बन्सी गद्दार.

माझा धाकटा भाऊ सुधाकर आर्वीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक आहे. दिवसभर माईकवर गाड्यांची घोषणा करतो, आणि घोषणा दोनदा करायची असते म्हणून घरातही सगळं दोनदा बोलतो. जेवायला बसला की म्हणणार, "वरण आण. वरण आण." वहिनी पहिल्या वेळी उठतच नाही.

तो रविवार मला चांगला आठवतो. माझ्या मुलीचं, प्राजूचं लग्न ठरलं होतं आणि त्याच्याच बोलण्यांसाठी सुधाकर आला होता. जेवणं झाली, सुपारी कातरली, आणि लग्नाचं बोलण्याआधी तेवढा शेवटचा भाग पाहून घेऊ म्हणून टीव्ही लावला. लग्नाचं बोलायचं राहिलं ते राहिलंच.

"पाह्यलं का?" मी म्हटलं. "खाल्ल्या मिठाले जागला नाई मेला."

"कोण? बन्सी?" सुधाकरच्या हातातली सुपारी थांबली. "ताई, ठेकेदारानं मान हालवली. मान हालवली."

"मान नाई हालवली. माशी बसली होती मानेवर."

"माशी कुठं दिसली तुले?"

"माशी काय बोर्ड लावून बसते का?"

मग तो तुकडा मागे नेऊन पाहिला. पुन्हा मागे नेला. ठेकेदार इतक्या वेळा मेला की आमच्या घरात त्याचं सुतक धरायला हवं होतं. शेवटी आम्ही दोघंही ह्यांच्याकडे वळलो. "अवो, तुमी सांगा. मान हालली का?"

आमच्या ह्यांनी उभ्या संसारात कोणाची बाजू घेतलेली नाही. ते म्हणाले, "माह्यं लक्ष त्याच्या मिशीकडं होतं."

इथं भांडण मिटायला हरकत नव्हती. समोर दुसरं कोणी असतं तर मी चहाच टाकला असता. पण माझी कानशिलं तापली होती आणि मी बोलून गेले, "तुले कायचं कळते? दिवसभर गाड्या बोलावतो, त्यातल्या अर्ध्या येत नाई. तुह्यावर कोण भरोसा ठेवते?"

सुधाकर उठून उभा राहिला. एवढा पांढरा पडलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

"म्या आयुष्यभर काय केलं वं ताई? तू मान हालवली का मी निंगालो. तुह्या घराची वाळू आणली, पोरीले आर्वीच्या शाळेत टाकलं तवा रोज तिच्यासाठी गाडीत जागा धरली. एका शब्दानं ईचारलं नाई. आन उद्या काई झालं का तू म्हणशीन, सुधाकर गद्दार, मी त मानच नाई हालवली. बन्सीले गद्दार म्हणणं म्हंजे मले म्हणणं होय."

"मग हायसच तू गद्दार," मी गल्लीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हटलं. (हे वाक्य मी का बोलले, याचा विचार मी अजून करून राहिले आहे.)

त्यानं चपला घातल्या. "मी लग्नाले येत नाई. मी लग्नाले येत नाई."

आणि गेला. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तो रस्त्यावर होता, म्हणजे घोषणा सगळ्या गल्लीनं ऐकली.

आता मामा लग्नाला नाही म्हणजे काय, हे मी सांगायला नको. मंगलाष्टकांआधी मुलीला खोलीतून मांडवात आणायचं मामानं. प्राजूनं तर त्याच रात्री जाहीर केलं, "मामा आणाले येईन तवाच मी उठीन. नाई त नवरदेवाले घरी जाऊ द्या." मुलगी माझ्यावर गेली आहे. तिची समजूत घालणं शक्य नव्हतं.

मग मी नमतं घेतलं का? छे. चार दिवसांनी आर्वीहून येणाऱ्या कंडक्टरच्या हाती सुधाकरचा निरोप आला: "मी येत नाही, पण भाचीचं आंदण चुकणार नाही. पितळेचं मोठं गंगाळ काढून ठेव आणि नाव टाक." तळेगावच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. नाव टाकायचं मशीन मीच चालवते. गिऱ्हाईक म्हणेल ते मी भांड्यावर कोरून देते, आजवर एक काना इकडचा तिकडे झाला नाही. मी दुकानातलं सगळ्यात जड गंगाळ काढलं आणि काठावर सुबक अक्षरांत कोरलं: "चि. प्राजूस मामाकडून सप्रेम भेट."

मशीन हातात होतं. राग डोक्यात होता. मी गंगाळ पालथं घातलं आणि बुडावर, जिथं कोणी बघत नाही अशा जागी, ठसठशीत कोरलं: "बन्सी गद्दार होता."

खरं सांगते, त्या दिवशी मला भाकर गोड लागली.

इकडे आमच्या ह्यांनी एक भलतंच काम केलं. बाजू घ्यायची नाही म्हणून त्यांनी प्रकरण सरळ तंटामुक्ती समितीकडे नेलं. अध्यक्षच तंट्यात असल्यामुळे खुर्चीवर उपाध्यक्ष गुलाबराव बसले. गुलाबराव म्हणजे गावातल्या प्रत्येक लग्नात माईक धरणारे गृहस्थ. माईक नसला तरी ते मूठ तोंडाजवळ धरूनच बोलतात. सुधाकरला बोलावणं गेलं आणि तो सुट्टीच्या दिवशी आलाही. माझ्याकडे पाठ करून बसला.

"पुरावा सादर करा," गुलाबराव मुठीत म्हणाले.

मी फोनवर तो शेवटचा तुकडा लावला. गुलाबरावांनी डोळ्यांवर हात घेतला.

"असं नाई चालत बाई. आधी मागचं सारं पाहीन, मंग शेवट. हा ठेकेदार कोण, बन्सी कोण, त्याची वागणूक कशी, चालचलन कसं, हे पाह्यल्याबिगर निकाल देता येत नाई."

"भाऊ, लग्न तोंडावर आलं," मी म्हटलं.

"न्यायाले वेळ लागते."

त्यांनी पहिल्या सीझनपासून पाहायला घेतलं, आणि त्यांना त्याची अशी काही गोडी लागली की शेतात जायचे बंद झाले. मी रस्त्यात दिसले की दुरूनच दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडायचे, "शेवट सांगू नका!" तंटा शेवटाचा, आणि न्यायाधीशाला शेवट ऐकायचा नाही. लग्नाचा दिवस उजाडला तेव्हा गुलाबराव दुसऱ्या सीझनमध्ये होते.

वऱ्हाड कारंज्याहून आलं. नवरदेव पाटावर उभा राहिला, दोघांनी अंतरपाट धरला, पाहुण्यांच्या हातात अक्षता आल्या. भटजी म्हणाले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

कोणी हललं नाही. माझी वहिनी, भाचे, सगळे मांडवात होते. फक्त सुधाकर नव्हता. तो नवा सदरा घालून, डोक्याला फेटा बांधून, मांडवाच्या बरोबर बाहेर रस्त्यावर उभा होता. लग्नाला येणार नाही म्हणाला होता, तो आलाच नव्हता. रस्त्यावर आला होता.

मी तणतणत बाहेर गेले. "सुधाकर, चाल. पोरगी उठून नाई राह्यली."

"आधी कबूल कर. बन्सी गद्दार नव्हता."

"बरं बापा, नव्हता. चाल."

"इथं नाई. माईकवर. आन दोनदा."

"सोयऱ्यांसमोर? लाज हाय का तुले?"

"तू मले गल्लीसमोर बोलली."

आतून भटजींनी मुहूर्ताची आठवण केली. खोलीच्या खिडकीतून मुंडावळ्या बांधलेली प्राजू मामाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की काय ते मी बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर मलाच रडू आलं असतं, आणि मला रागवायचं होतं. मी मांडवात आले आणि गुलाबरावांच्या हातातून माईक ओढला.

"सर्व पाहुण्यांना कळवण्यात येते," मी दात ओठ खाऊन म्हणाले, "की बन्सी गद्दार नव्हता. बन्सी गद्दार नव्हता."

मग पहिल्या ओळीतून आमचे व्याही उभे राहिले. "हे आमाले मान्य नाई. त्यानं धोकाच देल्ला." त्यांच्या मागे बसलेली अर्धी वऱ्हाडी मंडळी "बराबर हाय" म्हणाली. अंतरपाटाच्या वरून नवरदेवाचं बाशिंग दिसलं. "आई, मान हालली नव्हती," जावई म्हणाला. ती त्यानं मला आई म्हणून मारलेली पहिली हाक.

आणि गुलाबराव? ते डोकं धरून खाली बसले होते. "बाई, शेवट सांगून टाकला ना तुमी."

मी रस्त्याकडे पाहिलं. सुधाकर अजून तिथंच होता. माझ्याकडे बघत होता. आता याला आणखी काय पाहिजे, असा मला संताप आला, आणि मग एकदम कळलं. मी मान हलवली. अगदी थोडी.

तो तडक आत आला, खोलीत गेला आणि भाचीचा हात धरून तिला मांडवात घेऊन आला. रडत होता. प्राजूही रडत होती.

"हालली," शेजारी उभे असलेले आमचे हे म्हणाले. "ह्या वक्ती मले साफ दिसली."

अक्षता पडल्या. जेवणं झाली. इथं मी गप्प घरी बसायला हवं होतं, पण आंदण मांडायचं राहिलं होतं. आमच्याकडे आंदणातली वस्तू उचलून सगळ्यांना दाखवतात आणि कोणी दिली ते माईकवर सांगतात. हे काम अर्थातच गुलाबरावांचं. शेवट फुटल्यापासून ते कोणाशी बोलत नव्हते, पण माईक हातात आल्यावर राहवेना. त्यांनी माईक काखेत धरला, दोन्ही कड्या धरून, तोंड स्वतःकडे करून गंगाळ डोळ्यांसमोर उचललं आणि काठावरचं वाचलं, "चि. प्राजूस मामाकडून सप्रेम भेट."

गंगाळाचं बूड बरोबर पहिल्या ओळीसमोर आलं.

व्याह्यांनी चष्मा नीट केला. मग मोठ्यानं, सावकाश वाचलं, "बन्सी... गद्दार... होता."

ते उठले ते थेट सुधाकरकडे गेले आणि त्यांनी त्याला मिठी मारली. "वा मामा! ह्या मांडवात एक तरी माणूस खरं बोलला. आन तेही पितळेवर." वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या. माझ्याकडच्या लोकांनी सुधाकरकडे असं पाहिलं, जसं त्यानंच वाड्याचा अडसर काढला होता. आणि मी, जी सगळ्या पंचक्रोशीसमोर बन्सीची बाजू घेऊन मोकळी झाले होते, ती विहिणीच्या पदराआड तोंड लपवत होते.

व्याह्यांच्या खांद्यावरून सुधाकर माझ्याकडे बघत होता. त्याला अक्षर ओळखू आलं होतं.

"ताई," तो म्हणाला. "ताई."

मी मान बिलकुल हलवली नाही.

गंगाळ आता कारंज्याला आहे. व्याही येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पालथं करून दाखवतात आणि मामाच्या हिमतीची तारीफ करतात. मला मात्र जावयासमोर, व्याह्यांसमोर, बन्सी कसा इमानदार होता ते दर सणाला पटवून द्यावं लागतं. माईकवर बोललेलं मागे घेता येत नाही.

पंधरवड्यानं आर्वीच्या गाडीतून माझ्या नावानं एक पुडकं आलं. आत स्टीलचा जेवणाचा डबा. झाकणावर कोरलं होतं: "ताईस भावाकडून सप्रेम भेट." माझं मन भरून आलं. मग मी डबा पालथा केला.

"गद्दार कोण ते समजलं. गद्दार कोण ते समजलं."

त्याचं मला काही वाटलं नाही. तेवढं बोलायचा त्याचा हक्क आहे. पण डब्याला आर्वीच्या दुकानाची चिठ्ठी होती. सख्खी बहीण भांड्यांच्या दुकानात बसलेली, आणि हा डबा दुसरीकडून घेतो! मी तो डबा तडक समितीसमोर ठेवला आणि विचारलं, आता सांगा, गद्दार कोण?

समितीनं निकाल राखून ठेवला आहे. गुलाबराव म्हणतात, आधी मागचं सारं बघावं लागेल. तोवर मी रोज त्याच डब्यात दुकानात जेवण नेते, आणि गिऱ्हाईक आलं की बूड दिसू नये म्हणून पटकन मांडीवर ठेवते.