कितव्या भाकरीले?

महिन्यातल्या एका रविवारी अमरावतीत आम्ही फॅमिली डॉक्टरांचा वर्ग घेतो. कॅन्सरच्या पेशंटला मोठ्या दवाखान्यातून घरी पाठवलं की पुढे त्याला गावातल्या डॉक्टरनेच बघायचं असतं. ते कसं, हे आम्ही शिकवतो. माझ्याकडे नोट्सची एक फाइल आहे आणि किश्शांच्या तीन. त्यातली निम्मी पानं बार्शीटाकळीकडच्या इंगळे डॉक्टरांनी भरलीत.

*

इंगळ्यांचा पहिलाच वर्ग. मी ऐटीत सांगितलं, "पेशंटला विचारायचं, शून्य ते दहात दुखणं किती?"

मागच्या बाकावरून साठीचे इंगळे उठले. "मॅडम, आमच्या बाया म्हणतात, मी शाळेत नाही गेली. मंग मी विचारतो, कितव्या भाकरीले दुखलं?"

भाकरी थापताना पाचवीला हात थांबला तर ठीक. पहिलीलाच थांबला तर औषध वाढवायचं. इतकी वर्षं शिकवतेय, मला हे सुचलं नव्हतं. आता आमच्या छापील फॉर्मवर हाच प्रश्न आहे.

*

वाईट बातमी कशी सांगायची, याची प्रॅक्टिस. अकोल्याची एक तरुण डॉक्टर सांगणार, इंगळे पेशंट. ती दहा मिनिटं स्टेज, स्कॅन, रिपोर्ट समजावत राहिली.

"सर, तुम्ही काहीच बोलत नाही?"

"तुमी थांबसान तवा बोलीन ना!"

*

मग इंगळ्यांच्याच गावच्या कमलाबाई. कॅन्सर हाडांत उतरलेला, एकही भाकर होत नव्हती. घरात एकटा मुलगा, गजानन. त्याने डॉक्टरांना दारातच गाठलं, "मायले सांगू नोका."

मॉर्फिन द्यायची वेळ आली आणि तीस वर्षं गाव सांभाळलेले इंगळे घाबरले. "माह्या हातानं काई झालं तर?" फोनवर आम्ही अगदी लहान डोस ठरवला. दोन दिवस मलाही चैन नव्हतं.

तिसऱ्या दिवशी फोन. "मॅडम, दोन!"

"दोन गोळ्या दिल्या?" मी ओरडलेच.

"भाकरी हो. दोन भाकरी थापल्या त्यायनं."

*

दुखणं कमी झाल्यावर इंगळ्यांनी वर्गात शिकलेला प्रश्न विचारला, "तुमाले काय वाटते, काय झालं असंल?"

गजानन बाहेर आहे हे बघून कमलाबाई म्हणाल्या, "मले माईत हाये. पोराले सांगू नोका, भेते तो."

इंगळ्यांनी मला फोनवर विचारलं, याचं उत्तर नोट्समध्ये आहे का. नव्हतं. मग ते मायलेकांच्या मधे जाऊन बसले आणि एवढंच म्हणाले, "तुमी दोघं एकच गोष्ट एकमेकापासून लपवून राहिले." मला हे कधी जमलं नसतं.

*

पुढच्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर गेले. कमलाबाई खाटेवर, फार खंगलेल्या. चुलीपाशी गजानन भाकर थापत होता आणि त्या पडल्या पडल्या सांगत होत्या, "काठाले पाणी लाव." भाकर वाकडी झाली, पण फुगली.

इंगळ्यांनी फॉर्म काढला. "बाई, आज कितव्या भाकरीले दुखलं?"

"माहं राहू द्या," कमलाबाई म्हणाल्या. "आता त्याले विचारा."