कमरेएवढं पाणी

मला पोहता येत नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. जन्म रत्नागिरीतला, वडील बोटीवर नोकरीला, घरातून समुद्राची गाज ऐकू येते. अशा माणसाला पोहता येतं का, हे विचारणार तरी कोण? मित्र पाण्यात उतरले की मी काठावर सगळ्यांचे कपडे सांभाळायचो. वडील घरी असले म्हणजे झोपलेले असायचे आणि जागे झाले की परत बोटीवर. शिकायचं राहून गेलं ते गेलंच.

एवढंच असतं तर लिहायला बसलो नसतो.

आमच्याकडे एक निवृत्त बाई दर मे महिन्यात मुलींचं निवासी शिबिर घेतात. सुट्टीत रिकामी पडलेली नदीकाठची शाळा, तिथेच राहणं, आळीपाळीने स्वयंपाक करणं आणि नदीच्या डोहात पोहायला शिकणं. माझ्या मुलीने पाचवीत असताना पहिल्यांदा विचारलं, "बाबा, मी जाऊ?"

मी म्हणालो, "मुलींना काय करायचंय पोहून?"

खरं म्हणजे ती गटांगळ्या खातेय आणि मी काठावर नुसता ओरडतोय, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं होतं. ते सांगायची लाज वाटली. ती मुलगी आहे हे कारण आयतं होतं, तेच पुढे केलं. सहावीत पुन्हा तेच, सातवीतही तेच. आठवीत तिने विचारलंच नाही. बायकोने परस्पर नाव घातलं आणि मला एवढंच सांगितलं, "शेवटच्या दिवशी पालकांना बोलावलंय. आंब्याची पेटी घेऊन या. आणि तोंड पाडून येऊ नका."

गेलो. शाळेच्या पडवीत ओले कपडे लोंबत होते. हाताला तेल न लावताच फणस फोडायला बसलेल्या दोघी चिकाने एकमेकींना चिकटून खिदळत होत्या. माझी मुलगी धावत आली. नाक सोललेलं, केसांच्या जटा झालेल्या. "बाबा, काल मी आमटी करपवली, आणि सगळ्यांनी खाल्ली!" एवढ्या अभिमानाने तिने मला कधी प्रगतिपुस्तकही दाखवलं नव्हतं.

मग बाईंनी फर्मान काढलं. सगळ्या वडिलांनी डोहात रांगेने उभं राहायचं, मुली पोहत येऊन आपापल्या बाबांना हात लावून परत फिरणार.

"मला जरा सर्दी आहे," मी म्हणालो.

"मे महिन्यात? कशाला बहाणे करताय, उतरा!"

उतरलो. शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला आणि मी "आई गं!" म्हणून जी बोंब ठोकली, ती पलीकडच्या वाडीत ऐकू गेली असेल.

"काका, उभे राहा! पाणी कमरेएवढंच आहे!"

उभा राहिलो. अख्खा डोह हसत होता. इतर बाबालोकही.

"काकांना नारळ बांधा गं!" कुणीतरी ओरडलं. शिकाऊ मुलींसाठी दोरीने जोडलेले दोन असोले नारळ आणून त्यांनी माझ्या काखेखाली बांधले. मुलीने पोटाखाली हात धरला. "बाबा, पाय सोड. मी आहे ना."

सोडले. आणि मी चक्क तरंगलो! पन्नाशीकडे झुकलेला, ढेरी सुटलेला माणूस, हनुवटी पाण्यात, वर करंजाच्या फांद्या. "हात मारा काका, पीठ काय मळताय?" आजूबाजूने पोरींच्या सूचनांचा मारा. मी हात मारले. डोह ओलांडला. इतक्या मोठ्याने मी त्याआधी कधी हसलो होतो, आठवत नाही. नंतर ओल्या कपड्यांनीच सगळ्यांनी पेटी फस्त केली, रस कोपरापर्यंत ओघळत होता.

कोय चोखता चोखता मुलीने हळूच विचारलं, "बाबा, तुला खरंच पोहता येत नाही?"

"येतं गं. सवय सुटलीय."

सांगायची वेळ तीच होती.

आता ती कॉलेजात आहे आणि दर मे महिन्यात त्याच शिबिरात ताई म्हणून जाते. एखाद्या मुलीचे वडील आढेवेढे घ्यायला लागले की त्यांना फोन करते. परवा माझ्यासमोरच कुणाला तरी सांगत होती, "काका, माझे बाबाही म्हणायचे, मुलींना काय करायचंय पोहून. पण त्यांनी विचार बदलला. स्वतः पाण्यात उतरले!" आणि माझ्याकडे बघून हसली. मी पेपर उलटा धरलाय का सुलटा, तेही मला कळेना.

मी विचार बदललेला नाही. माझा तसा विचार कधी नव्हताच. पण दहा वर्षांच्या पोरीला मी तो खरा वाटायला लावला आणि आता तो बदलल्याची शाबासकी घेत बसलोय.

तिचे गेलेले तीन उन्हाळे मला परत देता येणार नाहीत. ती मुलगी होती म्हणून नाही, मी पाण्याला घाबरत होतो म्हणून ते गेले, एवढं तोंडाने सांगण्याचं तरी मी तिचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.