साडूची काळी गाडी आन् माह्या पगारावरचा टॅक्स

साडूचं घर माह्या डोळ्यात खुपते. लपवून काय करू? खुपते म्हणजे खुपते.

माह्या बायकोची लहान बहीण त्याले दिली. त्याचं जामुलले हार्डवेअरचं दुकान, आन् मी भिलाईच्या स्टील प्लांटात, भट्टीवर. माहा इन्कम टॅक्स पगार हातात याच्या आधीच कापून जाये. साडू मात्र गल्ल्यावर बसून कागदावर गरीब. गरीब म्हणे! आन् रिसालीत तीन मजले ठोकले, खाली पांढरी गाडी. आमची सारी जिंदगी दोन खोल्यांच्या क्वार्टरात गेली. दर दिवाळीले बायको बहिणीच्या घरून आली का चूप बसे. काही म्हणे नाही, तेच मले जास्त लागे.

म्हणून कँटीनमध्ये चहा आला का मी सुरू होओ. "पगारावरचा टॅक्स साराच्या सारा बंद करा. खरेदीवर आहे तो वाढवा, साऱ्या देशात तोच एक ठेवा. जो घेईन तो भरन. मंग पाहू कोण गाड्या उडवते!" सोबतचे हसत, "आला, याचा साडू आला." हसा बाप्पा! देशाचं भलं मले कुठं कराचं होतं? मले फक्त गाडी घेताना त्याचं तोंड पाहाचं होतं.

रिटायर झालो त्या दिवशी, आमच्या इकडं करतात तसंच, सोबतच्यायनं हार घातले, गुलाल लावला आन् बाजा वाजवत क्वार्टरापर्यंत आणून सोडलं. बायकोनं ओवाळलं. क्वार्टर आता सोडा लागत होतं. रिसालीत प्लॉट घेऊन ठेवला होता, त्याच्यावर फंडाच्या पैशातून घर बांधाचं होतं. बायकोनं तं स्वयंपाकघराची खिडकीही ठरवली होती, पूर्वेकडं, मोठी. आठ दिवसांपासून तिच्या तोंडात दुसरी गोष्ट नव्हती.

ओवाळणं होत नाही तं साडू आला. नव्या गाडीतून! पांढरी होतीच, आता काळी. बाजा वाजून राहिला होता माह्यासाठी, आन् गल्ली पाहून राहिली होती त्याची गाडी. माह्या अंगाची लाही लाही झाली.

जेवणं झाली, पानं वाटली, आन् मी साऱ्यायसमोर सुरू केलं. "आता होऊनच जाऊ द्या. पगारावरचा टॅक्स बंद, सारा खरेदीवर! काय साडूभाऊ?"

त्याचं तोंड उतरन म्हणून मी टक लावून बसलो. उतरलंच नाही. पान एका गालात सारून तो म्हणे, "मी तं केव्हाचा म्हणून राहिलो भाऊजी. आणा लवकर."

"अरे, गाडी घेशीन तं भरा लागन तुले!"

"गाडी घेतली ना आता. घर झालं. पोराचं लगन झालं. मले आता काय घ्याचं आहे?" मंग तो हळूच म्हणे, आन् हसलाही नाही मेला, "पगार तं तुमचा बंद झाला आजपासून. त्याच्यावरचा टॅक्स तुमी जिंदगीभर भरला. आता उरलेल्या पैशातून सळ्या, सिमेंट, टाइल्स तुमालेच घ्याच्या आहेत. त्याच्यावर आणखी भरसान काय?"

कँटीनमध्ये इतके वर्षं बोंबललो, पण कोण कधी खरेदी करन हा विचार कधी डोक्यात आलाच नव्हता.

बायको पानाचं ताट घेऊन उभी होती. ती माह्याकडं पाहून म्हणे, "कावून वो, माह्या खिडकीवर टॅक्स लावासाठी भांडून राहिले होते तुमी इतके वर्षं?"

मी गळ्यातले हार काढले आन् दारात जाऊन उभा राहिलो. लोक अजूनही गाडीजवळच होते.

"काळ्या रंगावर धूळ लय दिसते," मी म्हटलं. कोणी ऐकलंच नाही.