मामांचं उड्डाण

पॅरामोटर म्हटलं की आमच्याकडचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘ॲव्हरेज किती देतंय?’ दुसरा प्रश्न, ‘आन् वरच बंद पडलं तर?’ उत्तरं देऊन देऊन मी वैतागलोय. आता पहिल्याला ‘तुमच्या गाडीपेक्षा बरं’ म्हणतो, आणि दुसऱ्याला ‘मग खाली येतो, दुसरं काय करणार!’ इंजिन बंद पडणं ही खरं तर साधी गोष्ट. डोक्यावर कापडाचा पंख उघडाच असतो, तो तरंगत तरंगत खाली आणतो. मोकळं वावर बघायचं आणि उतरायचं. जीव घेतो तो वारा. पण वाऱ्याबद्दल कुणी चकार शब्द विचारत नाही. फक्त माझ्या मामांनी विचारलं होतं.

माझं बीडमध्ये दुचाकीचं गॅरेज आहे. इंजिनाचा नाद लहानपणापासूनचा. त्या नादात पुण्याकडच्या डोंगरात जाऊन उडायला शिकलो आणि दोघं बसतील अशी तीन चाकांची गाडी घेऊन आलो. सीटच्या मागे इंजिन आणि पंखा, वर दोऱ्यांनी बांधलेलं कापड. मामांच्या पाली गावाकडं त्याला सगळे छत्री म्हणतात. आता उडायचं कुठून? शहराभोवती जिकडं बघावं तिकडं तारा. तेव्हा मामा म्हणाले, ‘आपलं वावर हाय की. खरिपाची ज्वारी निघाली की रिकामंच अस्तंय.’

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. पालीच्या पुढं, बिंदुसरेच्या धरणाच्या पाण्याला लागून त्यांचं रान. मी नुसतं ‘सपाट पाहिजे’ म्हणालो होतो. पुढच्या आठवड्यात जाऊन बघतो तर त्यांनी सगळी धसकटं उपटून बांधाला लावलेली, मधली सरी बुजवलेली, आणि कडेला एका लांब बांबूला लाल कापड बांधलेलं. मी विचारलं हे काय. म्हणाले, ‘वारं कळाया काहीतरी लागंल ना तुला? तुझ्या मामीच्या जुन्या लुगड्याचा काठ हाय.’ माझ्याकडं चांगली विकतची रिबीन होती. ती मी पिशवीतून बाहेरच काढली नाही.

तिथून पुढं तीन-चार हंगाम मी त्या वावरातून उडत होतो. दिवाळीनंतर थंडी पडली की सकाळची हवा तुपासारखी असते. दिस उगवायच्या आत वर जायचं, उन्हं तापायला लागली की खाली. गॅरेजमधला माझा भागीदार सोबत असायचा. त्याचे अब्बाही मेकॅनिक होते, त्यामुळं इंजिनाचा आवाज जरा बदलला की त्याचे कान टवकारतात. आणि मामा असायचे, पण लांबून. त्या वेळी ते गोठ्यात धारा काढत असायचे. तीन म्हशी आणि डेअरीची गाडी. मामींच्या बोटांना संधिवात, त्यामुळं धार त्यांनाच काढावी लागायची. रात्री झोपायलाही ते गोठ्यातच असत. मामी गावातल्या घरी. संध्याकाळी हवा निवते तेव्हा पुन्हा धारा. म्हणजे आकाश मोकळं तेव्हा मामा अडकलेले, आणि मामा मोकळे तेव्हा आकाशात दंगा.

त्या दंग्याची मला एकदा चांगलीच ओळख झाली. वर मजा वाटत होती म्हणून मी उतरायला उशीर केला आणि डोंगराच्या अंगाला जरा जास्तच सरकलो. वारा डोंगराच्या पलीकडून येत होता. धरण भरलं की चादरीवरून, म्हणजे सांडव्याच्या भिंतीवरून, पाणी कसं गुळगुळीत सांडतं आणि खाली पडल्यावर कसं उकळ्या फुटल्यासारखं गरगरतं, ते बीडच्या माणसाला सांगायला नको. वारा डोंगरावरून तसाच सांडतो. फक्त तो दिसत नाही. मी नेमका त्या गरगरीत शिरलो. डोक्यावरचं अर्धं कापड मिटलं, दोऱ्या सैल पडल्या. देवाचं नाव घ्यायलाही सुचलं नाही. कापड आपोआप उघडलं आणि मी कसाबसा कुणाच्या तरी तुरीत येऊन आदळलो. काही मोडलं नाही. मामा हातातली चरवी तशीच घेऊन पळत आले होते. दूध सगळं वाटेत सांडलेलं.

त्यांनी मला शिवी दिली नाही. शेजारी मातीत बसले आणि विचारलं, ‘कावून झालं असं? मला नीट सांग.’ मी वाऱ्याचं सगळं सांगितलं. चादरीचं उदाहरणही तेव्हाच सुचलं. सगळं ऐकून मामा म्हणाले, ‘घे माझ्या गळ्याची शपथ. ऊन तापल्यावर वर जायचं न्हाई. कुनीबी म्हनू दे. आमदार म्हनू दे न्हाईतर मंत्री म्हनू दे.’ मी घेतली. आमच्याकडं नेत्याच्या स्वागताला जेसीबीतून फुलं उधळतात. मला पॅरामोटरवरून उधळायला बोलावणी यायची, आणि नेते यायचे भर दुपारी. मी एकालाही हो म्हणालो नाही. मामाच्या गळ्याची शपथ आहे म्हटलं की समोरचा माणूस पुढं बोलत नसे.

मग एका माघात मामा स्वतःहून म्हणाले, ‘भाचेबुवा, एकडाव मलाबी दाव की वरून. आपलं वावर कसं दिसतंय ते.’ इतक्या वर्षांत एकदाही मागितलं नव्हतं. मला इतका आनंद झाला! भागीदार म्हणाला, ‘धारांचं मी बघतो, आमच्या घरी बकऱ्या हायेत.’ दिवस ठरला.

त्या दिवशी काय काय झालं ते आठवलं की अजून हसू येतं. भागीदार पहाटेच म्हशीखाली बसला. म्हैस काय बकरी आहे? अनोळखी हात लागताच तिनं पान्हा चोरला आणि वर एक लाथ. चरवी तिकडं, हा इकडं. ‘अबे, ही जनावर हाय का पोलीस?’ म्हणत कमरेला हात लावून उभा. शेवटी मामांनीच तिन्ही म्हशी पिळल्या, गाडीला दूध घातलं. तोवर दिस उगवला होता, पण अजून वेळ होता. मी म्हणालो चला. तर म्हणाले, ‘नारळ फोडल्याबिगर कसं?’ मारुतीला गेले. आपल्याकडं नवा ट्रॅक्टर असो, बोअर असो, नारळाशिवाय सुरुवात नाही. परत आले ते एकटे नाहीत, निम्मी आळी मागं. मामींनी ओवाळायचं ताट आणलेलं. मामांनी पांढरंशुभ्र धोतर नेसलं होतं आणि फेटा बांधला होता. फेट्यावर हेल्मेट बसेना. फेटा काढला. मग फोटोसाठी पुन्हा बांधला. मग काढला. मामींनी ओवाळताना त्यांच्या तोंडात साखर घातली आणि सगळ्यांसमोर लाजल्या. इतक्या वयाची बाई अशी लाजताना मी पहिल्यांदा बघितली. घाई करा असं म्हणायला माझी जीभ रेटेना.

मामांना पुढच्या सीटवर बसवलं, पट्टे आवळले. भागीदारानं कापड पसरलं, दोऱ्या तपासल्या. मी इंजिन सुरू केलं आणि सवयीनं बांबूकडं बघितलं. लाल काठ समोरून फडफडत होता. मग एकदम पडला. मग उलट्या बाजूला उडाला. धरणाकडं बघितलं तर पाण्याच्या एका पट्ट्यावर लाटा आणि शेजारचा पट्टा काचेसारखा. डोंगराच्या उतारावर पाचोळा गरगरत उठला. वर एक घार पंख न हलवता सरळ चढत गेली, जिन्यानं गेल्यासारखी. हे सगळं एकच सांगत होतं, ऊन तापलं आणि हवा उकळायला लागली. मी इंजिन बंद केलं.

‘मामा, आज नको.’

गर्दीतून आवाज आले. ‘अहो एवढं कुठं वारं हाय?’ ‘पोरगं भ्यालंय.’ एक जण मोठ्यानं म्हणाला, ‘बीडच्या पाव्हण्यांना फिरवतो, सख्ख्या मामाला न्हाई.’ माझं डोकं असं फिरलं! मी म्हणालो, ‘ये, तूच बस. तुला नेतो आणि एकटाच परत येतो.’ भागीदारानं माझा दंड धरला. ‘जाऊ दे बे, बांबूकडं बघ तू.’

मामा हेल्मेट घालून तसेच बसले होते. त्यांनीही लाल काठाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हसले. ‘शपथ माझीच हाय की,’ म्हणाले. पट्ट्याची कडी त्यांना सुटेना, मी सोडवली. उतरून त्यांनी हेल्मेट सदऱ्याच्या बाहीनं पुसलं आणि दोन्ही हातांनी माझ्याकडं दिलं. मग वळून सगळ्यांना म्हणाले, ‘चला, चहा घेऊ.’ मामी ताट घेऊन उभ्याच होत्या. निरांजन वाऱ्यानं विझलं होतं.

मी म्हणालो, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी आलो नाही. गॅरेजवर एक गाडी अडली होती, काय होतं ते आता आठवतही नाही. मग आठ दिवस आभाळ. मग उन्हाळा लागला आणि सकाळसुद्धा तापायला लागली. ‘दिवाळी झाली की पहिलं उड्डाण तुमचं,’ मी मामांना म्हणालो. ‘व्हय की, कुठं पळून चाललोय,’ ते म्हणाले. श्रावणात गोठ्यातच त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यापर्यंतही नेता आलं नाही.

मला गॅरेजवर ओळखीचे लोक विचारतात, त्या दिवशी नेलं असतं तर? नसतं नेलं. आजही तोच वारा असेल तर मी इंजिन बंदच करीन. माझी त्यात चूक नव्हती, हे मला चांगलं ठाऊक आहे. आणि त्याचा काडीचा उपयोग होत नाही. बरोबर वागल्याचं इतकं वाईट वाटू शकतं, हे मला आधी माहीत नव्हतं. माणसाला हवी ती हवा मिळत नाही, मिळते तेव्हा माणूस नसतो. बस, इतकंच झालं. आणि इतकंच पुरतं.

दहाव्याला धरणाच्या काठावर सगळे जमले होते. विधी उरकले, माणसं हातपाय धुऊन पांगायला लागली. शेजारच्या रानातला एक म्हातारा माझ्याजवळ आला. गर्दीत त्या दिवशी तोही होता. माझा हात हातात घेऊन म्हणाला, ‘लई मोठं काम केलंस बाबा. म्हाताऱ्याला वर नेऊन आनलंस.’

मला काही कळेना.

‘आमाला सांगितलं की त्यांनी. त्या गोंधळाच्या दुसऱ्या दिशी, तांबडं फुटायच्या आत तू एकलाच आलतास म्हनं. कुनाला न सांगता. दोघंच वर गेलतात. धरन सगळं दिसलं म्हनले. गोठा काडेपेटीएवढा. आन् वर गेलं की लई शांत अस्तंय म्हनले. निस्ती हवा. कसला आवाज न्हाई.’

आवाज नाही! अहो, इंजिन मागं पाठीला असतं. वर आपण बोंब मारली तरी आपल्यालाच ऐकू येत नाही. खाली उतरल्यावर तासभर कान वाजत असतात. जो माणूस एकदा वर गेलाय तो सगळं सांगेल, पण शांत असतंय असं म्हणणार नाही. मामा गोठ्यात बसून, लांबून, मी वर तरंगताना बघत आले होते. तिथून ते तसंच दिसत असणार. गावानं मला भित्रा म्हणू नये, सख्ख्या मामाला नेलं नाही म्हणून कुणी बोट दाखवू नये, एवढ्यासाठी त्यांनी आयुष्यात कधी नाही ती थाप मारली होती. आणि पुढं पाच-सहा महिने मी भेटत होतो तरी मला चकार शब्द बोलले नव्हते.

‘हो,’ मी म्हाताऱ्याला म्हणालो. ‘नेलतं मी.’

तो गेला. मागं वळलो तर मामी. त्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं, आता या काय बोलतील? यांना तर सगळं माहीत असणार. त्यांनी माझ्याकडं बघितलं, डोळे पुसले आणि हळूच विचारलं, ‘वर जायच्या आधी मला कावून सांगितलं न्हाई रे तुमी दोघांनी?’

म्हणजे मामांनी त्यांनाही तेच सांगितलं होतं.

बांबू तिथून दिसत होता, लाल काठ पावसानं भिजून खाली लोंबत होता. ‘तुम्ही रागवाल म्हणून, मामी,’ मी म्हणालो.

‘रागवले नसते,’ त्या म्हणाल्या. ‘बघाया आले असते.’