शकुनाचं दही

पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायचा दिवस, जवळ आलं तेव्हा मी आठ वर्षांची होते, आणि आपण मोठेपणी संत होणार याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती. शनिवार पेठेतल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत मी आरशासमोर जीभ बाहेर काढून उभी राहायचे. फादर जिभेवर प्रसादाची पातळ चकती ठेवतात, ती चावायची नसते, विरघळू द्यायची असते. हा सराव मी तांदळाच्या पापडांवर करत होते. निम्मे पापड संपल्यावर आईने डबा फळीवर ठेवला.

शेजारच्या काकूंना मी पांढरा झगा, डोक्यावरची जाळी, नवे बूट, सगळं दाखवून आले होते. आदल्या मध्यरात्रीपासून उपास असतो, अन्नाचा कणही चालत नाही, हे सांगायचं मात्र राहिलं. त्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं ना!

रविवारी पहाटे निघालो तर काकू वाटी घेऊन दारात उभ्या. परीक्षेला जाताना त्या मला नेहमी दही-साखर द्यायच्या. "एवढ्या मोठ्या कामाला निघालीस, आणि तशीच जातेस होय?" असं म्हणत त्यांनी माझ्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं. मी सवयीने चाटून टाकलं. साखर दाताखाली कचकचली आणि मग मला आईचा चेहरा दिसला.

टांग्यात मी म्हटलं, "थोडंसंच तर होतं."

"गप्प बस," आई म्हणाली.

फादरांनी सगळं ऐकून घेतलं, हसू दाबलं आणि पुढच्या रविवारी यायला सांगितलं. बाकीच्या मुली रांगेने वेदीकडे गेल्या. मी नटूनथटून मागच्या बाकावर. एका बाईंना वाटलं, मला फुलं वाटायला बसवलंय. त्यांनी परडी माझ्या हातात दिली. संत व्हायला निघालेली मी मिस्सेची प्रार्थना संपेपर्यंत ती परडी सांभाळत बसले.

परतताना आईने बजावलं, "काकूंजवळ यातलं अवाक्षर काढायचं नाही. मायेने दिलं त्यांनी." मी मान डोलावली. पेठेत राहायला आलो तेव्हा आपणहून आमच्या घरात पाऊल टाकणाऱ्या त्या एकट्याच होत्या. बाकीचे अजून लांबूनच हसायचे.

काकूंनी दारातच विचारलं, "झालं का गं देवाचं?"

"कसलं होतंय! तुमच्या दह्याने माझा उपास मोडला!" मी भोकाड पसरलं.

काकू एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, सगळं कडक पाळायच्या. उपास मोडणं म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचा चेहरा उतरला आणि त्या आत गेल्या. मला आईचा धपाटा बसला. धर्मासाठी मार खाल्ला, म्हणून मी मनातल्या मनात स्वतःला हुतात्मा करून घेतलं.

तो आठवडा काकू आमच्याकडे फिरकल्या नाहीत. आई दोनदा गेली, येत्या रविवारी पुन्हा उपास धरून जायचंय हेही सांगितलं, तर "कामात आहे हो" म्हणून दारातूनच बोळवण. "एवढं एक घर होतं आपलं," आई पप्पांना म्हणाली. मला वाईट वाटलं, पण झग्याला पुन्हा इस्त्री होतेय याचा आनंद त्याहून मोठा होता.

पुढच्या रविवारी निघालो तेव्हा काकूंचं दार बंद होतं. चर्चमध्ये या वेळी मी एकटीच, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. असं पाहिजे होतं मला! मग कॅम्पात नाश्ता. मग माझ्या हट्टाखातर स्टुडिओत फोटो. हात जोडून, डोळे वर करून, तीनतीनदा. मग मावशीला झगा दाखवायला तिच्या घरी. जेवायच्या वेळेला आम्ही घरी पोचलो.

काकू जिन्यात उभ्या होत्या.

"झालं?"

"झालं."

"काही आडवं नाही ना आलं?"

"नाही."

"मग चहा टाकते आता. किती वेळ लावतो गं तुमचा देव! रात्रीपासून पाण्याचा घोट नाही घेतला मी."

आई तिथेच पायरीवर बसली आणि रडायला लागली. देवाने मला सकाळी आठलाच मोकळं केलं होतं. पुढचा सगळा वेळ मी फोटोसाठी डोळे वर करून उभी होते.